मदत हवी आहे: कोंबडीत 'रिग-आय' नाही, मग विषाणूची खबर कोण देतं?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. घर विट्याजवळ, अप्पांची लेयरची (अंड्याच्या कोंबड्यांची) शेड आहे. सेमिनारला पक्ष्यांची जन्मजात प्रतिकारशक्ती हा विषय घेतलाय आणि एका जागी अडकलेय.

विषाणू पेशीत शिरला की 'रिग-आय' हे प्रथिन त्याचा आरएनए ओळखतं, 'मॅव्हज' या निरोप्या प्रथिनाला कळवतं आणि पुढे इंटरफेरॉन, म्हणजे पेशींना सावध करणारं प्रथिन, तयार होतं. माणसात फ्लूची खबर मुख्यतः याच वाटेनं जाते. बदकातही रिग-आयचं जनुक शाबूत आहे. कोंबडीत नाहीच! २०१० मध्ये बदकाचं रिग-आय कोंबडीच्या पेशींत घालून पाहिलं, तर त्या पेशींत फ्लूच्या विषाणूची वाढ घटली. त्यात भर म्हणजे आपल्यात पुढचा निरोप पोचवणारं 'आयआरएफ-३' हे प्रथिनही कोंबडीत नाही. ते काम 'आयआरएफ-७' करतं.

मग मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) विषाणूची चाहूल लागते कुणाला? जिथे बघावं तिथे 'एमडीए-५' हे आरएनए ओळखणारं दुसरं प्रथिन लिहिलंय, पण ते तर लांब दुपदरी आरएनए पकडतं ना? आणि अप्पा भल्या पहाटे थंड पाण्यात दूध पावडर घोळून मानमोडीची 'लासोटा' पाजतात, ती लस मग लागू कशी पडते?

दुसरा प्रश्न घरचा. काकांना शेततळ्यात बदकं सोडायची आहेत, शेडपासून हाकेच्या अंतरावर. म्हणे, "बदकाला काय होत नाही, चिवट जात हाय." मला पटत नाही. घरात जनुकाचा विषय काढला तर अप्पा म्हणाले, "आधी ड्रिंकर (कोंबड्यांची पाण्याची भांडी) धुऊन घे."

गुगल करा एवढंच सांगू नका, तिथूनच आलेय.

प्रतिसाद १

ताई, मी सातारा जिल्ह्यात पशुवैद्यक आहे. एमडीए-५ लांब आरएनए पकडतं हे सस्तनांचं गणित. कोंबडीचं एमडीए-५ आखूड दुपदरी आरएनएलाही चांगली दाद देतं, असं प्रयोगांत दिसलंय. शिवाय टीएलआर-३ आणि टीएलआर-७ ही विषाणूचा आरएनए ओळखणारी आणखी प्रथिनं आहेतच. म्हणजे कोंबडी अगदीच उघड्यावर नाही.

लसीचं म्हणाल तर लासोटा जिवंत लस आहे. ती पक्ष्यात वाढते, मग अँटिबॉडी तयार होतात. एक जनुक नाही म्हणून तो कारखाना बंद पडत नाही.

आणि 'रिग-आय घातलं की कोंबडी वाचली' असं सेमिनारमध्ये ठोकून देऊ नका. जर्मनीत हे जनुक आणि त्याला साथ देणारं 'आरएनएफ-१३५' अशी दोन्ही घातलेल्या कोंबड्या तयार केल्या. फ्लूच्या संसर्गात त्यांच्यात दाह उलट वाढला. सिग्नल जोरात गेला म्हणजे पक्षी सुधारला, असं नसतं.

बदकं मात्र शेडजवळ नकोतच. बदक आजारी न दिसताही विष्ठेतून विषाणू टाकत राहतं, आणि शेततळ्यावर रानबदकं उतरतात ती वेगळीच. तेच पाणी ड्रिंकरला येत असेल तर आधी ते थांबवा.

धागाकर्ती

आभारी आहे सर. पाणी शेततळ्यातूनच येतं, तेवढं लिहायचं राहिलं. काकांना अप्पांकडूनच सांगायला लावते, आमचं कोण ऐकतंय. आखूड आरएनएवाला प्रयोग फ्लूच्या विषाणूवरच झालाय की मानमोडीवरही, एवढं कुणी सांगेल का?