मेरी अ‍ॅस्टेल: मखर की पुस्तक?

उंबरठा: परवाच्या टिपणात सतराव्या-अठराव्या शतकांतली इंग्लिश लेखिका मेरी अ‍ॅस्टेलला ‘इंग्लंडची पहिली स्त्रीवादी’ म्हणून मखरात बसवलेले पाहून राहवले नाही. विवाहावरील तिच्या पुस्तकाच्या १७०६ च्या प्रस्तावनेतले ‘सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र असतील, तर सर्व स्त्रिया जन्मतः गुलाम कशा?’ हे वाक्य जो तो उद्धृत करतो; पण लग्न केल्यावर पत्नीने पतीची आज्ञा पाळलीच पाहिजे, असे त्याच पुस्तकात ती बजावते, याची वाच्यता कोणी करत नाही. ती पक्की टोरी, म्हणजे राजा आणि चर्चची बाजू घेणाऱ्या पक्षाची होती. राजाविरुद्ध बंड तिला पाप वाटे.

जुनीवही: टिपण माझेच आहे. ते वाक्य टोमणा आहे, महाशय! राजाची निरंकुश सत्ता नको म्हणणाऱ्यांना घरात तीच सत्ता कशी चालते, असे ती विचारते आहे. शिवाय ज्याला धनी मानणे जमणार नाही, त्याच्याशी लग्न करूच नये, हा तिचा सल्ला आपण सोयीस्करपणे गाळलात. ती स्वतः आजन्म अविवाहित राहिली.

सायली_क: मला खटकतो तो तिचा १६९४ चा प्रस्ताव: स्त्रियांनी जगापासून दूर, एकत्र राहून शिकावे. मी तीन वर्षे मुलींच्या वसतिगृहात काढली आहेत. वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडे असे आणि आमच्या फाटकाला सातलाच कुलूप लागे. बाईला शिकवायचे म्हणजे आधी कोंडायचे, ही खोड तेव्हापासूनची दिसते.

जुनीवही: आपल्या रेक्टरबाईंचा राग अ‍ॅस्टेलवर कशाला? मठातल्या जोगिणींसारखे व्रतांचे बंधन तिने स्पष्टपणे नाकारले होते. राहणारीला वाटेल तेव्हा निघून जाता येणार होते.

सायली_क: निघून जायचे कुठे? माझी आत्या अविवाहित होती, शिक्षिका होती, आणि दर महिन्याला पगाराचे पाकीट न फोडता भावाच्या हाती देत असे. कोळसा-व्यापाऱ्याची पोरकी मुलगी अ‍ॅस्टेलसुद्धा लंडनला आली, ती धनिक मैत्रिणींच्या आधारावरच तगली. ‘लग्न करू नका’ हा सल्ला पोट कसे भरायचे ते सांगत नाही.

उंबरठा: आत्याबाईंबद्दल आदर आहे, पण आपण लग्नाबद्दल बोलत होतो.

सायली_क: मग मी कशाबद्दल बोलते आहे?

जुनीवही: पोटाचा मुद्दा मान्य, नाइलाजाने. ‘पहिली’ हा शब्दही मागे घेते. बाथसुआ माकिन या इंग्लिश शिक्षिकेने स्त्रीशिक्षणावर १६७३ मध्येच लिहिले होते. झाले समाधान?

उंबरठा: अर्धे. आज्ञापालनाचे उत्तर अजून आलेले नाही.