ओट्याला संगमरवर नकोच

स्वयंपाकघराच्या ओट्याला पांढरा संगमरवर घालावा का, असं तुम्ही विचारलंत. तो दिसतो देखणा, पण तुमच्या म्हापशाच्या घरात रोज हुमण (माशांचं आंबट कालवण), सोलकढी होणार ना? संगमरवर म्हणजे चुनखडीचंच रूप. आमसुलं, चिंच, लिंबू सांडलं की पॉलिश खाल्लं जातं. तो डाग पुसून जात नाही, कारण तो डाग नसतोच, दगडच झिजलेला असतो. तुम्हाला कुणी स्वस्त म्हणून कडप्पा सुचवलाय, तोही चुनखडीच, संगमरवराचाच भाऊ. क्वार्ट्झ (दगडाचा चुरा बांधून कारखान्यात केलेली लादी) आंबटाला दाद देत नाही, पण त्यात रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखं बांधणारं द्रव्य असतं; तापलेली कढई थेट ठेवली तर चट्टा पडतो. आम्ही मडगावात काळा ग्रॅनाइट घातला, 18 मिमी. नारळसुद्धा त्यावरच फोडते (सासूबाई नसताना). कडेला खालून पाण्याची खाच मात्र मारून घ्या, नाहीतर ओटा धुतलेलं पाणी ओघळून प्लायची कपाटं फुगतात.