एक मैलावर गोळी कायम उजवीकडे जाते, मदत हवी आहे

घाटमाथा
मंडळी, मॅच तीन आठवड्यांवर आली आहे आणि रायफल एक मैलावर अजिबात ऐकत नाही. हजार यार्डांपर्यंत सगळं झकास. मैलावरच्या निशाण्याच्या प्लेटपाशी मात्र दर वेळी उजवीकडे धूळ उडते, दोन-अडीच फूट बाजूला. उंची बरोबर असते. वारा नव्हता. नेमाचा हिशेब करणाऱ्या ॲपमध्ये सगळं भरलंय. बॅरल गेलं असेल का? नवीन टाकायचं तर आजच ऑर्डर करावं लागेल, म्हणून घाई. 'सराव वाढवा' हे कृपया कोणी सांगू नका.

तात्या_टेक्सास
कॅलिबर? ट्विस्ट? गोळीचं वजन? स्कोप (दुर्बीण) कसा बसवलाय? कुठे मारता, सपाटीला की डोंगरात? डॉक्टरपुढे बसून नुसतं 'दुखतंय' म्हणायचं, कुठे ते सांगायचंच नाही, तसं झालं हे.

घाटमाथा
सॉरी. .३३८ लापुआ मॅग्नम, बॅरलच्या आतल्या खाचांचा ट्विस्ट उजवा, १० इंचाला एक फेरा. ३०० ग्रेन, क्रोनोग्राफवर सेकंदाला २,७५० फूट. राहतो डेन्व्हरला, मारायला न्यू मेक्सिकोत रॅटनच्या व्हिटिंग्टन सेंटरला जातो, साडेसहा हजार फूट उंचीवर. (तिथला १,१२३ यार्डांवरचा पांढऱ्या गव्याच्या आकाराचं निशाण मी झोपेतही वाजवेन.) मैलाला स्कोपची उंचीची चकती साधारण १५ मिल (कोनाचं माप) फिरवतो, म्हणजे डायल करतो. बॅरलमधून ९०० गोळ्या गेल्यात.

दारूगोळा
विकतची काडतुसं वापरत असाल तर तिथेच मेख आहे. दारू स्वतः तोलून भरा. वेगात १० फुटांचा फरक पडला तरी मैलावर सहा-सात इंचांचा फटका बसतो. मी गेली आठ वर्षं प्रत्येक काडतूस हाताने भरतो.

तात्या_टेक्सास
दारूगोळा, तो फटका वर-खाली बसतो. त्यांची उंची बरोबर आहे, असं ते स्वतः लिहितायत. प्रश्न वाचून प्रतिसाद द्यायची काही सोय करता येईल का?

दारूगोळा
वाचला आहे. पण काडतूस एकसारखं नसेल तर पुढच्या सगळ्या चर्चेला अर्थ काय?

पृथ्वीगोल
कोरिओलिस! अडीच सेकंद गोळी हवेत आहे आणि खाली पृथ्वी फिरते आहे. उत्तर गोलार्धात गोळी उजवीकडेच जाणार, तोंड कुठल्याही दिशेला असो. लोक हे विसरतात.

तात्या_टेक्सास
लोक विसरत नाहीत, लोक हिशेब करतात. रॅटनच्या अक्षांशावर, मैलाला, अडीच सेकंदांत सात इंच. बाकीचे दोन फूट कुणाच्या खात्यावर टाकू? त्यापेक्षा स्पिन ड्रिफ्ट बघा. उजव्या ट्विस्टची गोळी स्वतःभोवती फिरता फिरता उजवीकडे सरकते, या कॅलिबरला मैलावर दीड-दोन फूट सहज.

घाटमाथा
स्पिन ड्रिफ्ट ॲपमध्ये चालू आहे, ट्विस्टसुद्धा भरलाय. तो वजा करूनच हे अडीच फूट उरतात.

रानवारा
'वारा नव्हता' म्हणजे तुमच्या गालाला लागत नव्हता. मैलाच्या वाटेत गोळी दृष्टिरेषेच्या पंचवीसेक फूट वर जाते, तिथला वारा तुम्हाला कसा कळणार? स्पॉटिंग स्कोपचा फोकस निशाण्याच्या थोडा अलीकडे आणा आणि मृगजळ कुठे वाहतंय ते बघा. सरळ वर उकळत असेल तरच वारा नाही.

घाटमाथा
मृगजळ बघतो हो. सहा वेगवेगळ्या सकाळी मारून पाहिलंय, सहाही वेळा उजवीकडेच. इतका एकनिष्ठ वारा मी तरी पाहिलेला नाही.

मोकळा_खिसा
दोन फूट डावीकडे धर आणि मार. संपला विषय.

चेयटॅकवाला
.३३८ ची हद्द संपते तिथे हे असंच होतं. त्याहून मोठ्या गोळीची .३७५ चेयटॅक घे, मैल म्हणजे अंगण वाटेल. रॅटनला किंग ऑफ टू माइल्स ही लांब पल्ल्याची स्पर्धा व्हायची तेव्हा लोक ३,५०० यार्डांच्या गोष्टी करायचे. तिथे .३३८ घेऊन कोण जिंकलं?

तात्या_टेक्सास
ज्याचं उजवीकडे जातंय त्याचं .३७५ ने आणखी महागात उजवीकडे जाईल.

रंकाळा
धागा वाचून छाती दडपली. आमच्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटरवर कांस्य आणलं, तिथली दहाची रिंग १०.४ मिलिमीटर असते. ना ॲप, ना पृथ्वीचं फिरणं. तेजस्विनी सावंत तर २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली. खरा नेम तो! तुमचं हे गणित जास्त आणि नेम कमी.

रानवारा
५० मीटरलाही बाहेरच्या रेंजवर वारा वाचावाच लागतो, तिथे काय लोक डोळे मिटून मारतात का? पण मुद्दा आवडला.

ठाणेकर_बाबा
मुलीला (वय १२) दहा मीटर एअर रायफल शिकवायची आहे. स्वतःची घ्यावी की क्लबची वापरावी?

रंकाळा
पहिलं वर्ष क्लबचीच. जॅकेट मात्र स्वतःचं घ्या, मापाचं लागतं. आणि वाढत्या वयात मोठं घेऊन ठेवू नका, ढगळ जॅकेटचा काही उपयोग नाही.

विटकर
घाटमाथा, स्कोपवर पाणसळ लावली आहे ना, ती बुडबुड्याची? ती कशाच्या आधाराने सरळ केली होती?

घाटमाथा
लावली आहे. टेबलावर रायफल ठेवली, स्कोपच्या टोपीवर छोटी लेव्हल ठेवून सरळ केली, मग स्कोप धरणाऱ्या रिंगचे स्क्रू आवळले आणि ही पाणसळ ट्यूबवर बसवली. का?

विटकर
माझे वडील गवंडी होते. ते म्हणायचे, पाणसळ खोटं बोलते, ओळंबा बोलत नाही. स्क्रू एका बाजूने आधी आवळले की ट्यूब रिंगमध्ये किंचित फिरते, डोळ्याला कळत नाही. आणि टोपी रेटिकलशी (स्कोपमध्ये दिसणाऱ्या फुलीशी) काटकोनात असतेच असं नाही. शंभर यार्डांवर उंच पुठ्ठा उभा करा, ओळंबा सोडून उभी रेघ मारा. पाणसळीचा बुडबुडा मध्ये ठेवून रेघेच्या तळाशी एक गोळी, मग १५ मिल डायल करून नेम तळाशीच धरून दुसरी. ती ५४ इंच वर, रेघेवरच बसली पाहिजे. रेघ सोडली तर तुमचा स्कोप पाणसळीशी तिरका आहे.

मोकळा_खिसा
एवढं कशाला? डावीकडे धरा म्हटलं ना.

विटकर
मोकळा_खिसा, तिरकेपणाची चूक डायल केलेल्या उंचीबरोबर वाढते. मैलाला डावीकडे दोन फूट धरलं, तर सव्वा मैलाला किती धरणार? आणि आठशे यार्डांना?

पृथ्वीगोल
तरीही कोरिओलिस चालू करून ठेवा.

*(चार दिवसांनी)*

घाटमाथा
केलं. गवंड्याचा ओळंबा डेन्व्हरला कुठे शोधू, नायलॉनच्या दोरीला गॅरेजमधला पान्याचा सॉकेट बांधला. तो हलायचा थांबेपर्यंत पाच मिनिटं पुठ्ठ्यापुढे मारुतीसमोर उभं राहिल्यासारखा उभा होतो. पहिली गोळी रेघेवर. डायल करून तीन मारल्या: उंची ५४ बरोबर, तिन्ही भोकं रेघेच्या उजवीकडे. पट्टी लावली, मध्य सव्वा इंच.

मग डोक्यात प्रकाश पडला. मैल म्हणजे १,७६० यार्ड, शंभराच्या १७.६ पट. सव्वा गुणिले १७.६ म्हणजे २२ इंच. स्कोपचं शून्य (नेम तिथेच गोळी) शंभर यार्डांवर घेतलं होतं, तिथे डायल शून्यावर, त्यामुळे चूक दिसायचीच नाही. हजार यार्डांना पाच-साडेपाच इंच उजवीकडे जायची, ती मी दर वेळी वाऱ्याच्या नावावर खपवत होतो.

स्कोप सोडवला, समोर ओळंबा टांगून उभा धागा रेटिकलशी जुळवला, स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळले, प्रत्येक फेरीनंतर पुन्हा आत बघितलं. पाणसळ सगळ्यात शेवटी बसवली. विटकर, वडिलांना नमस्कार सांगा.

विटकर
ते आता नाहीत. पण ओळंबा आहे, पितळी.

घाटमाथा
काल रॅटनला जाऊन आलो. मैलावर दहात सात प्लेटवर. पण मध्य अजूनही एक वीतभर उजवीकडे आहे.

पृथ्वीगोल
वीतभर म्हणजे किती इंच? ॲपमध्ये अक्षांश भरला होता का?

घाटमाथा
…नाही. तो रकाना रिकामा आहे.

पृथ्वीगोल
म्हणजे मी बरोबर होतो.

तात्या_टेक्सास
सात इंचांपुरते.

दारूगोळा
आणि उरलेल्या तीन गोळ्या प्लेटच्या वर-खाली गेल्या असतील. दारू तोला.

रानवारा
बॅरल ऑर्डर केलं नाहीत ना शेवटी?

घाटमाथा
पहिल्या दिवशीच केलं होतं, धागा टाकून तासाभरात. परत घेत नाहीत म्हणे. कोणाला .३३८ चं कोरं बॅरल हवं असेल तर व्यनि करा.