तेच इंजिन पुन्हा बांधावं, की मोठं बसवावं?

तिसरा_सिलिंडर: माझी 1.6 लिटर पेट्रोल गाडी 1,80,000 किमी चालली आहे. हजार किमीला जवळपास लिटरभर ऑइल खाते, जोर दिला की निळा धूर मारते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासलं: तीन सिलिंडर 11 बारच्या आसपास, तिसरा फक्त 8. त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घेतलं, तर 10 पर्यंत चढलं. ऑइलने रिंगांची फट बुजली की दाब चढतो, म्हणजे व्हॉल्व्ह नाही, पिस्टनच्या रिंगा गेल्या. आता हेच इंजिन उघडून काम करावं, की याच घराण्यातलं 2.0 लिटरचं जुनं इंजिन टाकावं? मन मोठ्याकडे ओढतंय.

होनिंग: हेच बांधा. जुनं इंजिन विकत घेणं म्हणजे बंद डबा घेणं. आत काय झिजलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडलंत की पुन्हा रिंगा-बेअरिंगांचा खर्च आलाच. तुमच्या इंजिनाचा आजार निदान सापडलाय तरी. बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, वरपासून खालपर्यंत गेजने मोजून घ्या. निमुळता किंवा अंडाकृती झाला असेल तर 0.25 किंवा 0.50 मिमी मोठा करता येतो. फक्त पिस्टन आधी हातात घ्या आणि बोअर त्या पिस्टनच्या मापाने करून घ्या. उलट क्रमाने केलेली कामं बिघडताना मी पाहिली आहेत.

भरलेली_गाडी: मला हे पटत नाही. इंजिन उतरवायची मेहनत दोन्हीकडे सारखीच. एवढं करून पुन्हा तीच ताकद? 1.6 वरून 2.0 म्हणजे क्षमता 25 टक्के जास्त. पाच माणसं आणि सामान घेऊन चढावर गिअर पाडत बसणारी गाडी मी वर्षानुवर्षं चालवली आहे; मोठं इंजिन बसवल्यावर ती दमेनाशी झाली. घराणं एकच असेल तर माउंटिंग आणि गिअरबॉक्स जुळण्याची शक्यताही बरी.

होनिंग: माउंटिंग जुळेल हो, पण ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक)? वायरिंग? चोरी रोखणारा इमोबिलायझर किल्ली ओळखणार नाही, गाडी सुरूच होणार नाही. क्लच, रेडिएटर, ब्रेक सगळे 1.6 च्या हिशेबाने आहेत. नोंदणीवरचा इंजिन नंबर आणि विमा वेगळेच.

भरलेली_गाडी: ब्रेकचं मान्य, तिथे काटकसर नकोच. म्हणूनच सुटं इंजिन घेऊ नका. ईसीयू, वायरिंग, किल्ली सगळं एकाच गाडीतलं घ्या. पण बांधलेलं इंजिन टिकतंच असंही समजू नका. गुळगुळीत झालेल्या बोअरमध्ये होनिंग (भिंतीवर बारीक तिरप्या रेघा पाडणं) न करता नुसत्या नव्या रिंगा टाकल्या तर त्या बसतच नाहीत, आणि धूर परत सुरू.

होनिंग: हो, तिरप्या रेघांची जाळी हवीच, ऑइल तिथेच धरून राहतं. तो दोष काम करणाऱ्याचा.

साधा_पाना: टर्बोचं (इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवण्याचं) कोणी सुचवलं नाही ते बरं झालं. झिजलेल्या रिंगांवर जास्त दाब टाकू नका. दुसरं, 1,80,000 नंतर गिअरबॉक्स आणि चॅसिसच थकले असतील तर दोन्ही खर्च वायाच. आधी खालून गंज बघा.

तिसरा_सिलिंडर: गंज नाही, गिअरही स्वच्छ पडतात. रविवारी हेड (सिलिंडरवरचं झाकण) काढतोय. सिलिंडरच्या भिंतीवर नखाला लागणारा ओरखडा नसेल आणि बोअर मापात बसला, तर हेच बांधणार. ताकदीचा मोह आहे, पण वायरिंगची भीती जास्त आहे.

भरलेली_गाडी: हेड काढण्याआधी त्या 2.0 चंही कॉम्प्रेशन घेऊन या. चारही आकडे सारखे निघाले तर मग बोलू.