ओमेगा सेंटॉरी नक्की आहे काय?

माळवी_गडी: मंडळी, परवा इंदूरजवळ सिमरोळकडे दुर्बिणीतून ओमेगा सेंटॉरी बघितला, भुरकट गोळा, कडेकडेचे तारे सुटे दिसत होते, पण सोबतचे काका म्हणाले हा साधा तारकागुच्छ नाहीच, खरंय का?

रात्रपाळी: काका बरोबर बोलले. एक कोटीच्या आसपास तारे, तेही वेगवेगळ्या वयांचे (साध्या गुच्छात साधारण एकाच वयाचे असतात), म्हणून आपल्या आकाशगंगेने गिळलेल्या बटू, म्हणजे छोट्या दीर्घिकेचा गाभा असावा असं बऱ्याच जणांचं मत आहे. २०२४ मध्ये हबल अवकाश दुर्बिणीच्या जुन्या फोटोंत मधले सात तारे असे सुसाट पळताना सापडले की तिथे किमान ८,२०० सूर्यांएवढ्या वस्तुमानाचं कृष्णविवर असणार.

दाल_बाफला: एम६०-यूसीडी१ या चिमुकल्या, दाट दीर्घिकेबद्दल वाचा, त्याहून भारी! रुंदी जेमतेम ३०० प्रकाशवर्षं अन् कृष्णविवर २.१ कोटी सूर्यांचं, आपल्या आकाशगंगेच्या मध्यातलं फक्त ४० लाखांचं 😄

रात्रपाळी: अन् हो, इंदूरहून ओमेगा दक्षिण क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर येतो, म्हणून दक्षिणेला शहराचे दिवे नकोत.