सहा वर्षांचा लिक्विड कूलर: बंद पडेपर्यंत चालवायचा की पावसाआधी बदलायचा?

मालवण (धागा सुरू करणारा): २०१९ च्या दिवाळीत रायझन ७ ३७००एक्स प्रोसेसर घेतला, सोबत २४० मिमीचा सीलबंद लिक्विड कूलर, म्हणजे पंपाने द्रव फिरवून प्रोसेसरची उष्णता रेडिएटरकडे नेणारा. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, पीसी रोज आठ-दहा तास चालतो. आता रेंडरला, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढताना, तापमान ९० अंशांवर जातं; या प्रोसेसरची मर्यादा ९५. सकाळी चालू केला की पंपात गुळगुळ होतं, मग थांबतं. दुकान किनाऱ्यालगत, खिडक्या उघड्या. परवा कॅबिनेटचं झाकण काढलं तर रेडिएटरच्या पात्यांवर पांढरी भुकटी, आणि गंजलेल्या स्क्रूचं डोकं पेचकस लावताच झिजून गेलं. माझ्या मते पाऊस लागायच्या आत बदलावा.

देवगड: ह्या माका पटना नाय. मे महिन्यात खोलीच ३३-३४ अंशांवर असते, मग आकडा वर जाणारच. प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं वजा करा आणि तो फरक वाढलाय का ते बघा. आधी धूळ काढा, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट बदला. माझ्याकडे पेस्ट खडूसारखी वाळली होती. काही शे रुपयांच्या ट्यूबने काम झालं. नवा कूलर हजारोंचा.

मालवण: केलं. गेल्या वर्षी जानेवारीत खोली २५, रेंडरला ७१, म्हणजे फरक ४६. काल खोली ३३, रेंडरला ९०, फरक ५७. साफसफाई आणि नव्या पेस्टनंतर ८७, फरक ५४. वाढलेल्या ११ पैकी तीनच अंश परत आले. आणि लोडवर नळ्यांना हात लावला तर एक चांगलीच तापलेली, दुसरी जवळपास गार.

रत्नागिरी: मग पाणी नीट फिरत नाहीये. रबरी नळीतून वर्षानुवर्षं थोडं थोडं द्रव झिरपून उडतं, आत हवा साठते, ती पंपात आली की गुळगुळ होतं. सीलबंद असल्याने वरून भरताही येत नाही. सरळ टॉवर एअर कूलर घ्या, म्हणजे नुसत्या धातूच्या पात्या आणि पंखा, पाणी नाही. त्यात बिघडणारी वस्तू म्हणजे पंखा, आणि तो एकटा बदलता येतो. तुमच्या प्रोसेसरच्या एएम-४ सॉकेटवर बसणारे बहुतेक कूलर नव्या एएम-५ सॉकेटवरही बसतात, तेव्हा पुढे प्रोसेसर बदललात तरी पैसे वाया जात नाहीत.

देवगड: निदान मान्य, घाई अमान्य. पंप बंद पडला म्हणून चिप जळत नाही. ती आधी वेग कमी करते, मग पीसी बंद होतो. आणि ३७००एक्सच्या खोक्यात रेथ प्रिझम हा पंख्याचा कूलर येतो, तो असेलच की तुमच्याकडे. पंप गेला की तो बसवा. चालती वस्तू भंगारात काढायला माझा जीव धजत नाही.

मालवण: खोकं माळ्यावर सापडलं. प्रिझमचा पंखा फिरवून बघितला, मोकळा फिरतो. तुमचा हा मुद्दा खरंच उपयोगी आहे. पण पंप रेंडर चालू असतानाही जाऊ शकतो. रात्री दोनला पीसी बंद पडला आणि सकाळी वधूपक्ष दारात उभा राहिला, तर मी त्यांना काय देऊ? टॉवर आजच मागवतोय. जुलैत घाटात दरड पडली की कुरिअर कधी येईल ते सांगता येत नाही. प्रिझम टेबलाच्या खणात, पेस्टच्या ट्यूबसकट.

देवगड: मागवा. तोपर्यंत रेंडर रात्री लावून घरी जाऊ नका.