सिलिंगला स्प्रे टेक्स्चर मारू का? ओलीचा डाग आहे, मदत हवी आहे

मंडळी, घर नागपूरला, मानेवाड्याकडे, वरचा मजला, डोक्यावर सरळ गच्ची. हॉलच्या सिलिंगची पुट्टी पापुद्र्यांनी निघून राहिलीय, एका कोपऱ्यात ताटाएवढा पिवळा डाग, आणि मागच्या पावसाळ्यात तिथंच कापसासारखा पांढरा खार फुटला होता, झाडूनं झाडला की आठ दिवसांत परत.

दोन पेंटर येऊन गेले. पहिला म्हणे सगळं खरवडू, प्रायमर, दोन हात पुट्टी, घासाई, मग रंग. दुसरा म्हणे, "एवढं खरवडता कायले भाऊ? कॉम्प्रेसर लावतो, गननं दाणेदार टेक्स्चर मारतो, एका दिवसात हॉल मोकळा, भेगा-बिगा काही दिसत नाही." मोबाइलवर फोटो दाखवले, बायकोला आवडले. आईचा एकच प्रश्न, त्या दाण्यांत जाळी धरली तर झाडू कोण मारणार!

मला विचारायचंय की ओल असताना हे टिकतं का, आणि आमच्याकडे मार्चपासून पावसाळा लागेपर्यंत कूलर दिवसरात्र चालू असतो, त्या दमटपणानं सुटून तर येणार नाही ना? शिवाय साळा अमेरिकेत असतो, तो म्हणतो असल्या सिलिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस (फुप्फुसाला घातक तंतू) असतं, हात लावू नका. खरं आहे का?

प्रतिसाद:
भाऊ, साळ्याचं अर्धं खरं आहे. तिकडच्या जुन्या पॉपकॉर्न, म्हणजे अशाच दाणेदार, सिलिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस घालायचे, १९७८ साली तिथं ते फवारण्यावर बंदी आली. तुमच्याकडे येणारा डबा पाण्यात चालणाऱ्या अ‍ॅक्रेलिकचा आहे का ते लेबलवर वाचून घ्या, मग ती काळजी सोडा. जिप्समवाला दाणा असेल आणि वरून रंग नसेल तर तो पाणी पितो, मऊ पडतो. तिकडं तो काढतातच पाणी मारून आणि पत्र्यानं खरवडून. कूलरच्या घरात तो नकोच.

पण खरी गोष्ट डागाची आहे. टेक्स्चर भेग झाकते, पाणी अडवत नाही. सुटलेल्या पुट्टीवर मारलं तर वजनानं पुट्टीसकट खाली येईल, म्हणजे खरवडणं काही चुकत नाही. आधी डागाभोवती पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहा, मग गच्चीच्या पाइपाला बोळा लावून २४ तास पाणी साठवा. डाग रेघेबाहेर गेला तर कोबा, म्हणजे गच्चीवरचा पाणी अडवणारा थर, गेलाय समजा. आणि मारायचंच झालं तर पंखा उतरवून ठेवा, स्विचबोर्ड, खिडक्या प्लास्टिकनं झाका, गननं मारलं की दाणे सगळीकडे उडतात, नंतर ग्रिलच्या नक्षीतून काढताना रडू येतं.

धागाकर्ता:
गच्चीवर जाऊन आलो. टाकीच्या स्टँडखाली कडुलिंबाचा पाला कुजून पाइप पूर्ण जाम, आणि तिथला कोबा पायानं दाबला तर पोकळ वाजतो. पाणी साठवायची गरजच पडली नाही, बरोबर डागाच्या डोक्यावर आहे ते. मिस्त्रीला रविवारी बोलावलंय. स्प्रेवाल्याला मात्र पाचशे रुपये अ‍ॅडव्हान्स देऊन बसलोय, ते परत मागू की पुढं त्याच्याकडूनच एखादी साधी भिंत करून घेऊ?